वर जाणारी बकेट

भूतबित, करणीबिरणी मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. पण डोक्याला झालेला ताप कुठेतरी ओकायला हवा, म्हणून लिहितोय...

मी रावेरचा. एकवीस वर्षं दुसऱ्यांची मशीन चालवतोय — केळीच्या बागांत पाइपलाइनचे चर खणायचे. यंदा ठरवलं, बास, आता स्वतःची मशीन. धुळ्याजवळच्या एका गावात नाना म्हणून एका शेतकऱ्याकडे जुनं छोटं पोकलेन विकायला होतं. बरोबर भुसावळचे मेकॅनिक रफिकभाई. सकाळचे अकरा, लख्ख ऊन, मशीन लिंबाखाली उभी.

आधी इंजिनाला हात लावला. गार. म्हणजे आम्हाला फसवायला तापवून ठेवलेलं नव्हतं. अर्ध्या चावीत सुरू! धूर नाही, गळती नाही. मनातल्या मनात मी मालक झालोही होतो.

राहिली शेवटची परीक्षा. आमच्याकडे बकेट गुडघाभर उचलून इंजिन बंद करतात, खाली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी उभी अडकवतात आणि चहाला जातात. येईपर्यंत काडी मोडली, तर बकेट पेलणाऱ्या जॅकचं सील गेलं समजायचं.

चहा पिऊन आलो. काडी अख्खी, पण आडवी पडलेली. उभी करून पाहिली, तर वर चार बोटं जागा मोकळी.

"रफिकभाई, बकेट वर गेली."

"वर कशी जाईल भाऊ? बंद मशीनची बकेट खालीच येते."

"अहो, ते मलाही कळतं! बघा ना!"

म्हटलं, आपलंच चुकलं असेल. लांब काडी लावली. चावी माझ्या खिशात, बॅटरीची वायर काढलेली. तिथेच टक लावून बसलो. दहा मिनिटं... काही नाही. मग रफिकभाईंचा फोन वाजला, दोघांनी मान वळवली — आणि काडी पडली. या वेळी बकेट वीतभर वर!

मी वैतागून नानांना विचारलं, "या मशीनवर कोणी गेलंबिलं नाही ना?"

नाना अहिराणीत भडकले. "कोनी मरेल नही! मना पोर्‍या चालाडे, तो आते पुण्याले नोकरी करस. तुमले लेनं शे का नही, ते सांगा!"

रफिकभाईंचं वेगळंच. "खाली येत नाही ना? मग सील एकदम टकाटक. घेऊन टाका!"

काय बोलायचं या माणसाला? चरात माणसं उतरून पाइप जोडतात, डोक्यावर बकेट असते. बंद मशीन आपल्या मनाने हलायला लागली तर मी त्यांच्या घरी काय तोंड दाखवू? हात जोडले आणि निघालो.

नंतर ती साक्रीकडच्या एकाने घेतली. मी तीनदा फोन केला. मशीन झकास चालतेय म्हणे, आणि तिसऱ्या वेळी त्याने मलाच विचारलं, "भाऊ, तुमची तब्येत बरी आहे ना?"

बायकोने विचारलं, "एवढं लांब जाऊन का नाही घेतली?" खराब होती म्हणालो. खोटं बोललो. एकवीस वर्षांत तेवढी चांगली मशीन मी दुसरी पाहिलेली नाही.