टूलने गाळलेल्या ओळी

सांगलीच्या हॉस्टेलात माझी रूम पार्टनर पलूसकडची होती. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. कुठल्याही प्रोग्रामची आधी सिंटॅक्स ट्री, म्हणजे फांद्या फुटल्यासारखी मांडणी करायची, आणि मग तिच्यावरून तोच प्रोग्राम पुन्हा लिहून काढायचा, असं टूल आम्हाला बनवायचं होतं. आम्ही तिला झाडच म्हणायचो. ऐकायला सोपं वाटतं, पण झाडात कंस नसतात. परत लिहिताना ते कुठे घालायचे, हे टूललाच ठरवावं लागतं. त्यावर आम्ही महिनाभर डोकेफोड केली. खरं सांगायचं तर तिने केली, मी चहा आणला.

मला कळावं म्हणून ती प्रत्येक अवघड ओळीच्या वर कमेंट, म्हणजे फक्त वाचणाऱ्यासाठीची टीप लिहायची. 'दहातनं पाच वजा दोन काढायचं असलं तर हितं कंस घाल, न्हाईतर साताचं तीन हुतंय.' तेवढ्या वाचूनच मी प्रोजेक्ट शिकले.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र मला त्याच ओळींची लाज वाटायला लागली. परीक्षक पुण्याहून येणार होते. मी साताऱ्याची, आमच्या घरात शुद्ध बोलण्याचा भारी तोरा. फाईलवर माझं नाव आणि आत 'हितं' नि 'न्हाई'! ते हसतील, या धास्तीने मी ती जेवायला गेलेली असताना आमचाच प्रोग्राम, म्हणजे टूलचा कोडच, आमच्याच टूलमधून काढला. झाड कमेंट ठेवत नाही. फाईल चकचकीत निघाली. तीच मी जमा केली. तिला विचारलंसुद्धा नाही.

परीक्षकांनी स्क्रीन वर-खाली करून पाहिला. "एवढं अवघड काम, आणि एकही कमेंट नाही?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं.

"सर, झाडात कमेंट येत न्हाईत," ती म्हणाली. "आमी आमचाच कोड आमच्या टूलमदनं काढून दावलाय. चालतोय का बगा."

ते हसले नाहीत. त्यांनी प्रोग्राम चालवून पाहिला. चालला. खुर्ची पुढे ओढत त्यांनी विचारलं, "टूलने स्वतःलाच पुन्हा लिहिलं? छान! कल्पना कुणाची?"

"हिची," ती म्हणाली.

त्यांनी माझं तोंडभरून कौतुक केलं. आणि मी त्यांना थँक्यू म्हणाले.