शेवटच्या रिळाच्या आधी

माझा धाकटा भाऊ न चुकता केसांना काळाकुट्ट कलप लावतो आणि जगाला सांगत फिरतो की कलाकृतीच्या मूळ रूपाला कुणी हात लावू नये. सदर भागातल्या एका हॉलमध्ये त्यांचा फिल्म क्लब भरतो. जुन्या सिनेमाची साफसफाई केलेली नवी प्रत आली की या मंडळींची जुंपलीच म्हणून समजा. पडद्यावरचे ओरखडे पुसले ते चांगलं की वाईट? आभाळ आधी एवढं निळं होतं का? एकदा नव्या प्रतीतून मध्यंतराची पाटी काढून टाकली म्हणून एक सभासद कितीतरी दिवस कुणाशी बोलला नव्हता. मी म्हटलं, पाटीसाठी नाही रे, समोशासाठी रुसला असेल. भावाला राग आला. आला तर आला.

यंदा मात्र हा वाद आमच्या घरात शिरला. आईबाबांनी लग्न नवं असताना पाहिलेला, आईचा भारी लाडका सिनेमा क्लबात लागणार होता. दिग्दर्शकानं केला तसा, रंग उजळून, अगदी पूर्ण. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच धंतोलीतल्या दवाखान्यात झालेलं. भाऊ म्हणाला, आता आईचे डोळेही साफ आणि प्रतही साफ, दाखवायचा तर आत्ताच.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आईनं तो सिनेमा शेवटपर्यंत कधी पाहिलाच नव्हता. एरवी बाबा दिवे लागेपर्यंत खुर्ची सोडत नसत. पण हा एक सिनेमा, तो कितीदा का लागेना, नायिका गाडीतून उतरली आणि नायक फलाटावर दिसला की ते आईचा हात धरून उठायचे. म्हणायचे, "चाल, मंग स्टँडवरून सायकल निघत नाही." पुढच्या रिळात नायक तिच्या मांडीवर मरतो, हे त्यांना ठाऊक होतं. मित्रांबरोबर आधीच पाहून आले होते आणि घरी येऊन जेवले नव्हते. हे त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं, आईला कधीच नाही. आमच्या लहानपणी आई आम्हाला त्या सिनेमाची गोष्ट सांगायची, तिच्यात नायक-नायिका फलाटावरून सरळ घरी जात आणि मजेत संसार करत.

बाबा गेल्यावर आई ती गोष्ट जरा जास्तच सांगू लागली. म्हणून मी भावाला बजावलं, खबरदार तिला तो शेवट दाखवशील तर. तो म्हणाला, अर्धवट सिनेमा पाहणं हा दिग्दर्शकाचा अपमान आहे. मी म्हटलं, दिग्दर्शक गेला उडत. बाबांनी एवढी वर्षं जपलेली गोष्ट तू एका सकाळी मोडणार, आणि वर त्याला जतन म्हणणार? मनीषनगरच्या माझ्या घरात आमची चांगलीच खडाजंगी झाली. आई आत मटार सोलत बसली होती. तीच शेवटी बाहेर आली आणि म्हणाली, मले जाचं आहे. विषय संपला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. आई ठेवणीतली साडी नेसली होती. पडद्यावर नायिका आली तशी आई मोठ्यानं म्हणाली, "अवं, हे लुगडं जांभळं होय का, मले तं काळंच वाटे." पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. भाऊ असा खूश झाला, जणू लुगडं त्यानंच रंगवलं होतं.

मग ते स्टेशन आलं. आईला काय सांगून बाहेर न्यावं, काही सुचेना. नायिका गाडीतून उतरली. नायक फलाटावर दिसला.

तेवढ्यात आईनंच माझा हात धरला. "चाल वं," म्हणाली, आणि लोकांच्या पायांवर पाय देत निघालीसुद्धा.

भाऊ धुसफुसत मागून बाहेर आला. आता तर शेवट होता, उठलीस कशाला, असं तो विचारू लागला. आई पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "तो मरते ना तिथं. मले माहीत आहे. पहिल्यांदा पाहून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारणीनं सांगतलं."

मला धक्काच बसला. मग बाबांना कधी बोलली का नाहीस, मी विचारलं.

"काहून बोलू? उठवाच्या आधी ते अंधारात माह्या तोंडाकडे पाहेत, मी रडून तं नाही राहिली म्हणून. एवढा मोठा पडदा समोर ठेवून पाहेत. सांगतलं असतं तं मंग माह्याकडे पाहिलं असतं का त्यांनी?"

मूळ रूपाबद्दल भाऊ एक अक्षर बोलला नाही. मला मात्र आवरेना. भर दुपारी, गाड्यांच्या गर्दीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी हमसून हमसून रडले. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि भावाला म्हणाली, "हिले थोडं आधी उठवाले पाहिजे होतं गा."