न कापलेली पानं

माझा मोठा भाऊ पनवेलच्या वाचनालयाचा चिटणीस होता आणि जिज्ञासू माणसाने काय वाचावं हे लोकांना सांगायचा त्याला भारी सोस. दर वर्धापनदिनी तो त्यावर व्याख्यान ठोकायचा. मुंबईहून दुपारच्या मोटारीने येणारं वर्तमानपत्र कसं वाचावं, इंग्रजी साप्ताहिकातलं काय घ्यावं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ते शास्त्रीय मासिक. 'विज्ञानाची दृष्टी' हे शब्द आले की दादा टेबलावर मूठ आपटायचा. समोरची पेन्शनर मंडळी दचकून जागी व्हायची आणि टाळ्या वाजवायची.

चिटणिसाचा मान म्हणून मासिकाचा नवा अंक आधी आमच्या घरी यायचा. त्याची पानं जोडलेलीच असत. घडीच्या कडा वाचणाऱ्याने सुरीने कापून घ्यायच्या. दादाने जन्मात एक कडा कापली नाही. मुखपृष्ठ आणि मागची केशतेलाची जाहिरात पाहून, अंक उत्तम आहे असं सांगत तो वाचनालयात नेऊन ठेवायचा. तिथेही तो तसाच करकरीत राहायचा, कारण सभासदांची झुंबड असायची ती वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यावर. आमचे व्याख्यातेही त्यातच.

घरात ते मासिक वाचणारी एकटी वहिनी. जोडलेली पानं बोटाने पोकळ करून ती आत डोकवायची आणि दिसेल तेवढं वाचायची. कापायची तिची छाती नव्हती, वाचनालयाची वस्तू ना.

मग तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्या खेपेला ग्रहण लागलेलं असताना तिने विळीवर भोपळा चिरला होता. आईला ते नेमकं आठवलं, आणि मग कारण शोधायला डॉक्टरची गरज कुणालाच वाटली नाही. आई तिला तोंडावर बोलायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना सांगायची, वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. विज्ञानाची दृष्टी असलेला दादा तेव्हा खाली मान घालून आमटीभात कालवायचा. मला त्याचा राग यायचा, अजून येतो.

नेमकं या खेपेलाही सूर्यग्रहण आलं. आईने विळी, कात्री, सुया सगळं कडीकुलपात टाकलं. वहिनीला मधल्या खोलीत घातलं, खिडकीवर घोंगडी टांगली आणि मला राखणीला आत बसवलं. कापायचं नाही, शिवायचं नाही, पाय दुमडायचे नाहीत. दादाने वाचनालय बंद ठेवलं होतं आणि स्वतः तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात जप करत उभा होता. त्या महिन्याच्या अंकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'ग्रहण कसे पाहावे'. त्याने तो वाचायची शिफारस सगळ्या गावाला केली होती.

अंक वहिनीच्या उशीखाली होता. तिने तो काढला आणि केसांतला आकडा ओढून पहिल्या घडीत घातला. शाळेत फळ्यावर सूर्य-चंद्र काढून ग्रहण शिकवणारी मी, पण मी तिचा हात धरला.

ती म्हणाली, "वन्सं, काही झालं तर खापर माझ्यावरच फुटायचंय. निदान यात काय लिहिलंय ते वाचून तरी फुटू दे."

मी हात सोडला. तिने एकेक कडा शेवटपर्यंत कापली आणि कौलांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात वाचत बसली. मग मला म्हणाली, जमिनीवर बघा. रोजचे वाटोळे कवडसे कुणी कडेला चावा घेतलेल्या पुऱ्यांसारखे दिसत होते. ते चंद्रकोरीसारखे होईपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. बाहेर 'दे दान, सुटे गिराण' चालू होतं. वहिनीने सरकून बसून एक कोर आपल्या पोटावर पडू दिली.

दादाने तो अंक नंतर परत नेला. पानं कापलेली आहेत हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मुलगी झाली, चांगली धडधाकट. बारशाला आई बायकांना सांगू लागली की या खेपेला सुनेने ग्रहण कडक पाळलं म्हणून हा दिवस दिसला. आपल्या रूढींमागे काहीतरी शास्त्र असतंच, असं दादानेही जोडून दिलं.

वहिनी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी त्या ग्रहणात अख्खा अंक कापला, आई. पहिल्या खेपेलाही माझ्या हातून काही झालं नव्हतं."

दादाने विचारलं, "वाचनालयाचा अंक?"

आईने पुढे होऊन मुलीला उचलून घेतलं, आणि हात मोकळे होताच वहिनी रडू लागली. पहिलं मूल गेल्यापासून तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. ज्याच्यावर आळ असतो त्याला रडायची सोय कुठे असते? त्या दुपारी ती त्या मुलासाठी सगळ्यांदेखत रडली.