केतकी रंग

माझी मुलगी पंचविसाव्या आठवड्यात जन्मली. वजन सातशे ग्रॅम. साखरेची किलोची पिशवीसुद्धा याहून जड असते. आतडी दूध पचवायला तयार नव्हती, म्हणून तिला सगळं पोषण शिरेतून मिळायचं. त्यातच एका जाड सिरिंजमधून पांढरी चरबी थेंबथेंब उतरायची. मी दर तीन तासांनी पंपानं दूध काढत होते आणि ते हॉस्पिटलच्या फ्रीझरमध्ये जात होतं.

सहाव्या आठवड्यात तिचं अंग पिवळसर दिसू लागलं. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून सासूबाई हरखल्या. "अगं बाई, केतकी रंग! माझ्यावर गेली हो!"

मी काळी. लग्न ठरताना "मुलगी हुशार आहे, रंगाचं काय एवढं" असं त्या मोठ्या मनानं म्हणाल्या होत्या, तेही माझ्यासमोर. इंग्लंडमध्ये, श्रूजबरीत बारा वर्षं काढल्यावर असल्या गोष्टी मागे पडल्या, असं मला वाटायचं. कसल्या पडतायत! मला चक्क आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी गोऱ्या नर्सनं इनक्युबेटरच्या पेटीपाशी वाकून विचारलं, "हिचा रंग तुम्हाला नेहमीसारखा वाटतो का? मला नीट कळत नाहीये, तुम्ही आई आहात म्हणून विचारते."

"हो, हो. तिच्या बाबांच्या घरचा रंग आहे तो," मी म्हणाले. वर हसलेही.

तीन दिवसांनी ठरलेल्या रक्ततपासणीत काविळीचं बिलिरुबिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि समजावलं. शिरेतून आलेली चरबी इतके आठवडे सोसून लिव्हर थकलं होतं, पित्त आतच साचत होतं. चरबी बंद करावी तर मेंदूची वाढ अडणार, तशीच चालू ठेवावी तर लिव्हर जाणार. मी त्यांना नर्सचा प्रश्न आणि माझं उत्तर सांगितलं. "त्यानं काही फरक पडला नाही," त्या म्हणाल्या. भली बाई. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मुलीचं लिव्हर बिघडत होतं आणि आई तिच्या रंगावर खूश होती.

मग लिव्हरला सोसेल अशी, माशाच्या तेलापासून केलेली चरबी सुरू झाली. आमचं घर शाकाहारी, पण मी कोणालाही विचारायला गेले नाही. आकडे उतरायला कितीतरी आठवडे लागले. हळूहळू दूध पचू लागलं, पिवळेपणा ओसरला आणि ती माझ्यासारखी दिसू लागली.

सासूबाईंनी कॉलवर पाहिलं. "अगं, किती काळवंडली ही!"

"आई, ती कावीळ होती. सांगितलं होतं ना तुम्हाला."

"कळलं गं ते. पण घरी आणलीस की डाळीचं पीठ आणि साय लावत जा. लहान आहे तोवर उजळेल."

"ती काळीच राहू दे!" मी ओरडले. "काळी दिसतेय म्हणजे जगली आहे ती, आई!"

नवऱ्यानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांची माफी मागितली.