अठ्ठावन्न प्रयोगांची चिठ्ठी

त्या दिवशी सहा दहाला दूध आलं नाही. अकरा वर्षांत बबनराव चार वेळा उशिरा आले होते. दोनदा पिरंगुटच्या घाटात टँकर आडवा झाला म्हणून, एकदा गाय व्याली म्हणून आणि एकदा धाकट्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे सहा पंचवीस झाले तेव्हा मी बायकोला म्हणालो, "पाचवी वेळ." ती दाराबाहेर ठेवलेलं रिकामं पातेलं आत घेऊन आली. सात वाजता त्यांच्या मुलाचा, रोहिदासचा फोन आला. "काका, आबा गेले... गोठ्यातच. दुसऱ्या गायीखाली बसले व्हते धारंला, तितंच कलंडले." मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावर पहिला विचार डब्याचा आला. म्हणजे, आता त्यांची चिठ्ठी तशीच राहिली. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं ते हे असं आलं.

डब्याचं सांगायला हवं. बबनराव भरे गावचे. थोडी भातशेती, पाच गायी, रस्त्याकडेला बांधलेल्या खोल्यांत कारखान्यांतले भाडेकरू, आणि रोज मोटरसायकलवर दोन कॅन लावून भूगावपर्यंत दुधाची फेरी. मी भूगावात राहतो आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. कॉलेजपासून पाहिलेल्या प्रत्येक नाटकाचं तिकीट मी फाइलला लावून ठेवलेलं आहे. एका रविवारी दूध ओतताना त्यांची नजर माझ्या हातातल्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींवर गेली आणि ते म्हणाले, "ह्ये पैलं हाय ना, ते न्हाई चालायचं." मी विचारलं, का? "आसंच," म्हणाले आणि जिना उतरले. ते नाटक सहा प्रयोगांत बंद पडलं. मी मात्र ऑफिसात चार लोकांना छातीठोकपणे पन्नासचा आकडा सांगून बसलो होतो.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. तिसरे भिडू शिंदे सर, भऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, गावच्या जत्रेतल्या नाटकांचे पडदे त्यांनीच रंगवलेले. दिवाळीच्या सुमाराला नव्या नाटकांच्या घोषणा होतात. तेव्हा आम्ही तिघं पिरंगुटला वडापावच्या गाडीमागच्या बाकावर रविवारी सकाळी बसायचो, भरपूर वाद घालायचो आणि शेवटी प्रत्येकाने, गुढीपाडव्यापर्यंत कुठल्या नाटकाचे किती प्रयोग होतील तो आकडा चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा माझ्याकडे, कारण मी उघडणार नाही याची दोघांना खात्री. पाडव्याला चिठ्ठ्या फोडायच्या. जाहिरातीत प्रयोगाचा आकडा छापलेला असतोच, त्यामुळे भांडण नाही. ज्याचं सगळ्यांत जास्त चुकलं त्याने पुढे वर्षभर तिघांची तिकिटं काढायची, तीही नाट्यगृहाच्या खिडकीवर रांगेत उभं राहून, फोनवरून नाही. दुसऱ्या कुणी काढायची नाहीत. आणि जिंकेल त्याने खुर्च्या निवडायच्या.

सात पाडवे, पंचवीस नाटकं. सोळा वेळा बबनरावांचा आकडा सगळ्यांत जवळचा, पाच वेळा सरांचा, चार वेळा माझा. गाण्यांची नाटकं त्यांत पाच होती. पाचही त्यांची. सात वर्षांपैकी पाच वर्षं कोथरूडच्या नाट्यगृहाच्या खिडकीसमोर मी उभा होतो. आतला माणूस मला नावाने ओळखायला लागला होता.

मला त्याचा त्रास व्हायचा. हरण्याचा नाही, हरण्याच्या पद्धतीचा. मी कलाकारांची नावं पाहायचो, शनिवार-रविवारच्या किती तारखा मिळाल्यात ते मोजायचो, दिग्दर्शकाची आधीची चार नाटकं किती चालली ते काढायचो. एका वर्षी मालिकांतले दोन मोठे चेहरे असलेल्या नाटकाला मी साठ दिले, बबनरावांनी बारा. अकरा झाले. चार अनोळखी पोरांच्या नाटकाला मी आठ दिले, त्यांनी पंचेचाळीस. सत्तेचाळीस झाले. "कसं काढता?" मी दर वेळी विचारायचो. ते वड्यातली मिरची बाजूला काढत म्हणायचे, "सायेब, तुमी शिकल्याली मानसं. तुमच्यावानी आमाला कुटं जमतंय?" आणि सर टोपी तोंडावर धरून हसायचे.

तरुणपणी बबनराव गावच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. स्टेजवर कधी आले नाहीत, आवाज घोगरा म्हणून. विंगेत पुस्तक धरून बसायचे. पुस्तक तिसऱ्या तालमीतच पाठ झालेलं असायचं, मग पडद्याच्या फटीतून समोर बसलेलं गाव बघत राहायचे. हे मला सरांनी सांगितलं होतं आणि मी ते गंमत म्हणून ऐकून सोडून दिलं. नाट्यगृहात आलो की ते नेहमी कडेची खुर्ची निवडायचे, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली, आणि निम्मं नाटक मान मागे वळवून बसायचे. मी चिडायचो. "अहो, नाटक पुढे चाललंय." "चालू द्या की, म्या कुटं आडावलंय?"

गेल्या दिवाळीत तीन नाटकांची घोषणा झाली, त्यांतली दोन लांबणीवर पडली. उरलं एक. जुनी, घराघरांत पाठ असलेली एकवीस भावगीतं घेऊन, त्यांच्याभोवती एक नवी गोष्ट विणून केलेलं संगीत नाटक. वाजवणारे सात, गाणारे सहा. मला पहिल्यांदाच वाटलं, हे माझं आहे. इथे बबनराव चुकणार.

"गाणी फोनवर फुकट आहेत," मी म्हणालो. "तीही मूळ गायकांच्या आवाजात. दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायला कोण येईल? आणि एवढी माणसं, एवढी वाद्यं घेऊन दौरा कसा करणार? पंचवीसच्या वर जात नाही."

"गोष्ट कशी आहे त्यावर आहे," सर म्हणाले. "गाण्याला गोष्ट चिकटवली की ठिगळ दिसतं."

"दिसंना का," बबनराव म्हणाले. "गोधडी ठिगळाचीच आसती, पांघरतोच की. आन् सायेब, फोनवर लोक एकली एकली ऐकत्यात. कानात ते बोंडूक घालून. शेजारचीला ठावं बी नसतं."

"म्हणून काय ती तिकीट काढेल?"

"काढंल की. कुनी नेलं तर."

"पंचवीस," मी म्हणालो.

"बोलून दावू नका, लिवा. आन् चपला चांगल्या घ्या यंदा, रांगंत पाय दुकत्यात तुमचे."

सर एवढे हसले की चहा सांडला. मी पंचवीस लिहून चिठ्ठीची चौघडी केली. बबनरावांनी खिशातून आधीच लिहून आणलेली चिठ्ठी काढली आणि डब्यात टाकली. तेही मला खुपलं. वाद ऐकण्याआधीच त्यांचा आकडा ठरलेला होता.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे. आदल्या पाडव्याला मीच हरलो होतो, म्हणजे तिकिटं काढायची पाळी माझी. डिसेंबरात नाटक कोथरूडला आलं. मी गेलो नाही. ऑफिसात ऑडिट आहे म्हणालो. ते होतं, पण रविवारी नव्हतं. जानेवारीत परत प्रयोग लागला. बबनरावांनी पातेल्यात दूध ओतता ओतता विचारलं, "सायेब, तिकिटाचं?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी बघू, असं काय पळून चाललंय?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, "मला काही ते बघण्यासारखं वाटत नाही." त्यांनी माप कॅनच्या कडेला अडकवलं आणि गेले. नियम माझ्याइतकेच तेही पाळणारे, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडून त्यांनी तिकीट काढलं नाही. मला ते नाटक पडायला हवं होतं. नुसतं पडायला नाही, आम्ही न बघता पडायला हवं होतं, म्हणजे बाहेर पडताना मान हलवणाऱ्या बबनरावांकडून "बगा, मानसं कशी गुनगुनत निगाली" हे मला ऐकावं लागणार नव्हतं. तीन तिकिटांनी नाटक चालत नाही की पडत नाही, एवढा हिशोब मला येतो. तरी मी गेलो नाही... आणि फेब्रुवारीत बबनराव गेले. ते नाटक न बघताच.

दहाव्याला नदीकाठी गेलो. गावची माणसं होतीच, पण आमच्या भूगावच्या सोसायट्यांतूनही बरीच आली होती. आमच्याच समोरच्या इमारतीतल्या एक बाई डोळे पुसत दुसरीला म्हणाल्या, "आता दिवाळीला नाटकाचं कोण विचारणार गं?" मी जवळ गेलो. काय विचारायचे? त्या म्हणाल्या, "अहो, दर वर्षी. पेपरातलं कात्रण खिशात असायचं. वाचून दाखवायचे, गाणी असली तर ती सांगायचे. मग म्हणायचे, ताई, ह्ये आलं तर जाल का? आणि 'बघू' म्हटलं की हसायचे. म्हणायचे, 'बघू'वाल्या येत न्हाईत." वॉचमन म्हणाला त्यालाही विचारायचे. भाडेकरूंना विचारायचे. रोहिदास म्हणाला, "आबांच्या फेरीला चौतीस दारं हुती, काका. दिवाळीत लई येळ लागायचा त्यान्ला."

दुःखाच्या जागी मला राग आला, हे कबूल करतो. ही तर नक्कल करून पास होणं झालं! मी आकडे घेऊन डोकं फोडत होतो आणि हा माणूस दारोदार उत्तरं गोळा करत होता. घाट चढून घरी येईपर्यंत एकच समाधान मनाशी धरून होतो, की निदान माझ्या दारात तरी त्यांनी कधी विचारलं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या घरात विचारायचं नाही, एवढी सभ्यता त्यांनी पाळली.

पाडव्याला सर आले. गुढीला नमस्कार करून आम्ही डबा घेऊन बसलो. जाहिरातीत आकडा होता छत्तीस. सरांची चिठ्ठी पंधरा. माझी पंचवीस. बबनरावांची उघडली, पेन्सिलीने लिहिलेले अठ्ठावन्न. माझी चूक अकराची, सरांची एकवीसची, त्यांची बावीसची. गाण्याच्या नाटकात मी पहिल्यांदा जिंकलो होतो, आणि तिकिटांची पाळी बबनरावांवर आली होती. "जिंकलात हो," सर म्हणाले. त्यांनी बबनरावांची चिठ्ठी उलटी केली आणि माझ्यापुढे सरकवली. मागे बारीक अक्षरात दहा-बारा नावं होती, समोर "जानार" किंवा "बगू". शेवटची ओळ होती: "सायबांच्या वैनी – जानार. दोनदा म्हनल्या."

बायको पुरणाचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

"हे काय?"

तिने वाचलं. ताट खाली ठेवलं. "विचारायचे ते. दर दिवाळीला."

"सात वर्षं?"

"आठ असतील. तुम्ही आंघोळीला असायचात."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही तिघं जायचात. मला कुणी चल म्हणालं का?" मग म्हणाली, "या वेळी मी त्यांना एकवीसपैकी अठरा गाणी ओळीने म्हणून दाखवली होती. दूध ओतायचं राहिलं त्यांचं. म्हणाले, वैनी, सायबांना म्हनावं घिऊन चला. म्हटलं, न्यायला हवं ना त्यांनी."

सर टोपी घालून हळूच उठले. मी सवयीने मनात आकडे मांडत होतो. बबनरावांच्या अठ्ठावन्नात माझ्या घरातली एक बाई दोनदा धरलेली होती. ती गेली नव्हती. किती घरांत माझ्यासारखा कुणी "बघण्यासारखं नाही" म्हणाला असेल, ते मला काढता येईना. माणसं त्यांनी बरोबर ओळखली होती. आम्हा नवऱ्यांना हिशोबात धरायला ते विसरले, की आमच्याबद्दल जरा चांगलं मत करून बसले, कोण जाणे.

गेल्या रविवारी कोथरूडच्या खिडकीसमोर मी उभा राहिलो. जिंकलेला असून. आतला माणूस म्हणाला, "या वर्षीपण तुम्हीच का?" मी दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या मागितल्या. नाटकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गोष्टीला ठिगळं दिसतात, सरांचं बरोबर होतं. दुसऱ्या गाण्याला मी मान मागे वळवली. अंधारात ओळीने माणसं, आणि जवळजवळ सगळ्यांचे ओठ हलत होते. आवाज कुणाचाच नाही. शेजारी बायकोचे ओठही. एकवीसपैकी सतरा गाण्यांना हलले, मी मोजले. चौथ्या गाण्याला तिने मला कोपराने ढोसलं, "अहो, नाटक पुढे आहे."

आता दूध रोहिदास आणतो, साडेसहाला. पण सहा दहाला बायको पातेलं दाराबाहेर ठेवते आणि मिनिटभर तिथेच उभी राहते. काल मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. लांबणीवर पडलेल्या दोन नाटकांपैकी एक पावसाळ्यानंतर येतंय, त्याची जाहिरात पेपरात होती. मी ती वाचून दाखवली आणि विचारलं, "हे आलं तर जाशील का?"

तिने जाहिरात माझ्या हातातून घेतली, दोनदा वाचली.

"डब्यात चिठ्ठी टाकीन," म्हणाली. "आत्ता नाही सांगणार."

बबनरावांना ती दारातच सांगायची.