टाकीत धरलेला हात

नातीने नखांना पॉलिश लावलं आणि त्या वासाने माझा श्वास कोंडला.

तरुणपणी शाळा सोडून बीडकडून पिंपरीला आलो होतो. कारखान्यात एका लोखंडी टाकीला आतून रंग देताना शिडी कोसळली आणि पाय तिच्यात अडकला. रंगातल्या थिनरला असाच वास, त्याच्या वाफेने डोकं जड होत चाललं. वर एक माणूस जाईल एवढंच गोल तोंड. बाकीचे दोर आणायला पळाले. माझ्यासोबत काम करणारे नगरचे योहानभाऊ मात्र पालथे पडून अर्धे आत वाकले आणि त्यांनी माझा हात धरला.

"घाबरू नको, भावा. येशू हाय इथं."

"मी तुमच्यातला न्हाई, योहानभाऊ. मला कशाला धरील तो?"

"मी तरी कुठं तुझ्या घरचा? धरलाय ना हात?"

दोर येईपर्यंत ते प्रार्थना करत राहिले. मरण समोरच होतं, पण मी एकटा नव्हतो. पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये जाऊन बसलो, तो आजवर जातोय.

तेव्हा वाटलं, या माणसाला भीतीच नाही. आता कळतं, तीच वाफ त्यांच्याही छातीत जात होती आणि भीती त्यांनाही होती, तरी त्यांनी हात सोडला नाही.

माझं छातीचं दुखणं आता बरं होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. भीती वाटतेच. मग मी पडल्या पडल्या हात वर करून ठेवतो.