दादाच्या मास्कची गळती

धाकटीचं सायकल दुरुस्तीचं दुकान चौकात, न्हाव्याच्या शेजारी. शाळा सातवीतच सुटली, पण ट्यूब हातात घेतली की पाण्यात न बुडवता सांगेल भोक कुठं आहे ते. चार गल्ल्यांत असं दुसरं माणूस दाखवा, पैज लावा. वडील दुकान थोरल्याच्या हाती द्यायला निघाले होते. थोरलाच म्हणाला, "पान्हा तिच्याच हातात शोभतो."

या थोरल्याला झोपेत श्वास अडकायचा आजार. घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचा, चढावर गाडी बंद पडावी तसा. म्हणून रोज मशीन लावून झोपायचं, नाकातोंडावर मास्क आणि त्यातून हवेचा दाब. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धाकटीनं मशीन, मास्क, नळी, सगळं आठवणीनं पिशवीत भरलं. दवाखान्याच्या वायरमननं ते तपासून पासही केलं.

ऑपरेशन झालं, दुपारी थोरला वॉर्डात आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "भुलीचा अंमल आहे, वर दुखण्याचं औषध. दिवसा डुलकी लागली तरी मशीन हवंच."

मास्क लावला तर गालांकडून फुसफुस. डोळा लागला की पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. सिस्टर हलवून जागं करायच्या. पट्टे आवळले, तरी तेच.

"मशीन बिघडलंय वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "असंच चाललं तर आयसीयूत न्यावं लागेल."

धाकटीनं नळी मास्कपासून काढून तिच्या तोंडाशी तळवा धरून पाहिला. "हवा नीट येतेय. गळते कुठं ते मला बघू द्या."

तिनं हात धुतले, ओल्या हाताची मागची बाजू मास्कच्या कडेनं सावकाश फिरवली. नाकापाशी काही नाही. हनुवटीपाशी नाही. दोन्ही गालांपाशी मात्र गार झुळूक. तिनं भावाचं तोंड निरखलं. गाल आत गेलेले.

"दादा, कवळी कुठाय?"

"हळू बोल की."

"कवळी?" सिस्टरनी कागद चाळला. "इथं तर तुम्ही 'नाही' सांगितलंय."

"आत नेण्याआधी काढली होती मी," थोरला पुटपुटला. "पिशवीत, रुमालात. घरी झोपतानाही काढत नाही. वीस वर्षं लोकांना सांगतोय, दात माझेच आहेत."

"तुझेच आहेत. दुसऱ्या कुणाला बसणार आहेत का ते?"

सिस्टर हसल्या, मग कागदावरून त्याला दोन शब्द सुनावले, आणि चूक त्याचीच होती. डॉक्टरीणबाई आल्या. तो पुरता जागा आहे, पाणी नीट गिळतोय, हे बघून त्यांनी कवळी बसवू दिली. गाल भरले. मास्क असा बसला की फुसफुस बंद. थोरला झोपला आणि आकडा शहाण्णवावर थांबला. धाकटी दीड तास त्या आकड्यासमोरून उठली नाही. गिऱ्हाइकांचे फोन आले, सगळ्यांना एकच उत्तर, "उद्या या."

जाग आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी विचारलं, "मशीन कुणी दुरुस्त केलं हो?"

थोरल्यानं मास्क बाजूला केला. "मशीन चांगलंच होतं. माझी कवळी काढलेली, म्हणून हवा गळत होती. डॉक्टर-सिस्टर सगळे होते, शोधलं माझ्या बहिणीनं."

"दादा, पुरे. टाके दुखतील."

दुखले तर दुखू देत. आज थोरल्याचा श्वास चालतोय तो तिच्यामुळे. चार लोकांना ते कळायलाच हवं.